हसणाऱ्या सभेचा यजमान

‘स्टँड-अप कॉमेडी’ म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे कानात इअरफोन घालून एकटाच हसत बसलेला नातू उभा राहतो. काय चालले आहे असे विचारले, तर ‘तुम्हाला नाही कळणार, आजोबा’ हे उत्तर ठरलेले. यंदाच्या व्याख्यानासाठी हा विषय निवडला, तो हे उत्तर खरे नाही म्हणून. हा प्रकार आपल्याला कळण्यासारखा आहे आणि आपल्या मंडळाच्या सभागृहात करून पाहण्यासारखाही आहे. विनोद सांगणारी चार मुलेमुली पलसाणा, चलथाण, कडोदरा या पट्ट्यात सहज मिळतील. मिळायला कठीण आहे तो त्या चौघांना आणि समोरच्या शंभर-दीडशे माणसांना एका धाग्यात धरणारा सूत्रसंचालक. तो जन्मावा लागत नाही. शिकून तयार होतो. काय शिकावे लागते, ते येथे क्रमाने मांडतो.

हा प्रकार आहे तरी काय?

एक माणूस, एक माइक आणि समोर प्रेक्षक, एवढ्यावर स्टँड-अप उभे राहते. वेशभूषा नाही, नेपथ्य नाही, सोबतीला दुसरा नट नाही. मराठी माणसाला हे परके वाटू नये. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर एकट्याने उभी केली. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५२ व्यक्तिरेखा एकट्याने वठवल्या. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांचे कथाकथन ऐकायला गावोगावी गर्दी होत असे. पण एकपात्री प्रयोगात कलावंत दुसऱ्याचे सोंग घेतो आणि कथाकथनात आधी लिहिलेली गोष्ट सांगतो. स्टँड-अप करणारा स्वतःच्या नावाने, स्वतःचे घर, नोकरी, लग्न, भाडेकरू आणि घरमालक यांबद्दल बोलतो. शिवाय गोष्टीला शेवटपर्यंत थांबता येते. येथे दर अर्ध्या मिनिटाला हशा यावा अशी अपेक्षा असते.

त्या हशाची बांधणी दोन भागांची. आधी मांडणी, मग पंच. आपल्या सोसायटीतलेच उदाहरण घ्या. शेजारची समवयस्क गुजराती मैत्रीण दारातून आजीला विचारते, ‘बेन, नवरी छे?’ आजी म्हणते, ‘होते गं, पन्नास वर्षांपूर्वी!’ गुजरातीत ‘नवरी’ म्हणजे रिकामी, हाताशी काम नसलेली. मराठीत काय, ते सांगायला नको. मैत्रिणीचा प्रश्न ही मांडणी आणि आजीचे उत्तर हा पंच. उत्तरानंतर थांबायचे असते. तेथे ‘म्हणजे तिला वाटलं की…’ असा खुलासा सुरू झाला, की हशा गेलाच म्हणून समजा.

आज ज्या स्वरूपात हा प्रकार शहरांत दिसतो, ते तसे अलीकडचे आहे. २००५ मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ने एकट्याने विनोद सांगणारी माणसे दूरचित्रवाणीवर आणली, त्याचा पहिला विजेता सुनील पाल विदर्भातून आलेला. २०१० मध्ये मुंबईत लोअर परळला ‘द कॉमेडी स्टोअर’ सुरू झाले आणि तिकीट काढून समोरासमोर विनोद ऐकण्याची सवय लागली. सुरुवातीला हे बरेचसे इंग्रजीत चाले, मग हिंदी आली. सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘भाडिपा’ने, म्हणजे भारतीय डिजिटल पार्टीने, मराठी स्टँड-अपलाही जागा दिली. ‘चला हवा येऊ द्या’ किंवा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आपण घरोघरी पाहतो, पण तेथे प्रामुख्याने प्रहसने असतात आणि फसलेला भाग कापून टाकता येतो. सभागृहात कात्री नसते. फसलेले सर्वांसमक्ष फसते, आणि ते सावरण्याचे काम सूत्रसंचालकाचे.

सूत्रधाराचा वारस

हे काम आपल्या रंगभूमीला जुने आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले. त्या नाटकांत सूत्रधार मंगलाचरण करी, विदूषक येऊन त्याची फिरकी घेई, आणि मग पुढचा खेळ सुरू होई. तमाशात गण आणि गवळण झाल्यावर वगाआधी बतावणी येते; गाण्यात रमलेला कान ती बोलण्याकडे वळवते. कविसंमेलनांत रामदास फुटाणे यांचे सूत्रसंचालन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना दोन कवींच्या मध्ये पेरलेली एखादी वात्रटिका सभेचा सूर कसा बदलते ते ठाऊक आहे. गुजराती डायऱ्यातही दोन गाण्यांच्या मध्ये किस्से सांगून मैफल जागी ठेवतात. थानगढचे शहाबुद्दीन राठोड यांचे किस्से आपल्यापैकी अनेकांनी शेजाऱ्यांच्या घरी कॅसेटवर ऐकले असतील.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. मधला माणूस स्वतः पाहुणा नसतो, यजमान असतो. पंगतीत यजमान आधी जेवायला बसत नाही. कोणाच्या पानात काय कमी आहे ते पाहत फिरतो. सूत्रसंचालकाने सर्वांत जास्त हशा मिळवायचा नसतो. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला हशा मिळेल अशी सभा त्याने तयार करून द्यायची असते. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो, कारण हातात माइक आला की प्रत्येकाला आपणच मुख्य कलावंत वाटू लागतो.

आपल्या सभागृहातले कान

पलसाणा एकेकाळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होता. गायकवाडांच्या कारभाराबरोबर मराठी या भागात आली. पुढे सुरत–भुसावळ रेल्वेमार्गाने, चलथाण-बारडोलीवरून, खान्देशातली कुटुंबे आली. महामार्गालगत डाइंग-प्रिंटिंगच्या मिल उभ्या राहिल्या तशी आणखी आली. म्हणून आपल्या एका सभागृहात बडोद्याची मराठी, अहिराणी, देशावरची मराठी आणि घरात सून-जावई होऊन आलेली गुजराती, असे चार प्रकारचे कान शेजारी शेजारी बसतात. सत्तर वर्षांच्या आजी असतात आणि सतरा वर्षांची नातही असते. मुंबईच्या क्लबात बहुतेक प्रेक्षक एकाच वयाचे आणि एकाच बोलीचे असतात. तेथला सूत्रसंचालक जे गृहीत धरतो, ते आपल्याला धरता येत नाही. इथली अडचण हीच, आणि इथली गंमतही हीच.

खुर्च्या, दिवे आणि सत्कार

शिकण्याची सुरुवात माइकपासून करू नका, खुर्च्यांपासून करा. हशा हा संसर्गासारखा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि मध्ये रिकाम्या खुर्च्या असल्या की तो तेथेच थांबतो. दीडशे माणसे येणार असतील तर दोनशे खुर्च्या मांडू नयेत. मागच्या रांगा दोरी लावून बंद ठेवाव्यात, पुढच्या भरल्यावर उघडाव्यात. पहिल्या रांगेतले मान्यवरांचे सोफे शक्यतो काढावेत. सोफ्यावर बसलेला माणूस चारचौघांत हसायला संकोचतो, आणि तो हसत नाही हे मागचे सगळे पाहत असतात. मंचावर उजेड आणि प्रेक्षकांत अंधुक प्रकाश ठेवला की लोक मोकळे होतात. खडखडणारा पंखा शोधून आधीच बंद करावा. माइक स्वतः बोलून तपासावा आणि शेवटच्या रांगेत माणूस उभा करून शब्द स्पष्ट येतो का ते विचारावे. पंचातला एक शब्द ऐकू आला नाही, तर आधीची सगळी मांडणी वाया जाते.

मग समितीशी बोलणी. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, आभार हे आपल्या सभेचे सहा खांब. ते पाडावेत असे कोणी म्हणत नाही, पण त्यांच्या मध्ये विनोद उभा राहत नाही. दीपप्रज्वलन आणि सत्कार आधी पंधरा मिनिटांत आटोपावेत, पाच मिनिटांची मोकळीक द्यावी आणि त्यानंतर कार्यक्रम सलग चालवावा. मध्येच ‘आपल्यात अमुकसाहेब आले आहेत’ म्हणून शाल-श्रीफळ निघाले, तर बांधलेली सभा सुटते. चहा आणि फरसाणही शेवटी. वाटप सुरू झाले की लक्ष ट्रेकडे जाते. मिलची पाळी सुटण्याची वेळ पाहून प्रारंभ ठरवावा, म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात दार सारखे उघडणार नाही.

वेळेचा साधा हिशेब असा: सूत्रसंचालकाची सुरुवात १० मिनिटे, चार नवोदितांना प्रत्येकी ६ म्हणजे २४, त्यांच्या मधल्या जागा मिळून ८, शेवटच्या अनुभवी कलावंताला ३० आणि समारोप ३. एकूण ७५ मिनिटे. नवख्या सभेला एवढे पुरते. लोक ‘अजून हवे होते’ म्हणत उठले, तर पुढच्या वेळी येतात.

पहिली दहा मिनिटे

सभागृहात शिरलेली माणसे अजून प्रेक्षक झालेली नसतात. कोणाला पार्किंगची काळजी असते, कोणी शेजाऱ्याशी बोलत असते. पहिल्या दहा मिनिटांत त्यांची एक सभा करायची. सर्वांना उत्तर देता येईल असे सोपे प्रश्न विचारा, हात वर करायला लावा: पलसाण्यात जन्मलेले किती? लग्न होऊन आलेले किती? भाजीवाल्याशी कोणत्या भाषेत भांडता? एकदा हात वर झाला की माणूस कार्यक्रमात सामील होतो. पण एखाद्यालाच निवडून त्याचे वजन, रंग, पगार, जात किंवा मूलबाळ यांवर बोलू नका. त्या एकाचा चेहरा पडला की त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे सावध होतात, आणि सावध माणूस हसत नाही.

पहिला विनोद स्वतःवर करावा. गुजरातीतले थोर विनोदकार ज्योतीन्द्र दवे १९०१ मध्ये सुरतेतच जन्मले. स्वतःच्या किडकिडीत देहाची त्यांनी भरपूर थट्टा केली. स्वतःला आधी खाली बसवणाऱ्या माणसाचे बाकीचे बोलणे लोक सोसतात.

नियमही याच वेळी हसत सांगून टाकावेत: मोबाइल बंद, चित्रीकरण नको, कारण नवोदित आपला मजकूर अजून घडवत असतो, आणि कार्यक्रम किती वेळाचा आहे तेही. भाषेची मर्यादाही येथेच ठरते. सुरती बोलीत शिवी स्वल्पविरामासारखी येते अशी ख्याती आहे. कौटुंबिक कार्यक्रमात ती चालणार की नाही, हे कलावंतांशी आधी ठरवावे आणि प्रेक्षकांनाही सांगावे. अपेक्षाभंगातून जेवढा राग येतो, तेवढा शब्दातून येत नाही.

आणि शेवटचे, आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे काम पेरणीचे. मघाचा ‘नवरी’चा विनोद एखादी मुलगी सांगणार आहे, पण सभेत महिन्यापूर्वीच साताऱ्याहून आलेली मंडळीही आहेत. त्यांना तो शब्द ठाऊक नसेल तर ती हसणार नाहीत, आणि त्या मुलीला वाटेल आपला विनोद पडला. सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच दोन भाषांतल्या फसव्या शब्दांची सहज गंमत करावी. मराठीत ‘खाली बसा’ म्हटले की माणूस बसतो. गुजरातीत ‘खाली’ म्हणजे रिकामे. त्याच ओघात ‘नवरी’चा गुजराती अर्थही कानावर घालावा, पण विनोद मात्र सांगू नये. पुढे वीस मिनिटांनी तो तिच्या तोंडून फुटेल तेव्हा सगळे हसतील, आणि ही पेरणी कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

ओळख, वेळ आणि सावरणे

कलावंताची ओळख तीन वाक्यांत संपवावी. शिक्षण, पुरस्कार, वडिलांचे नाव यांची यादी ऐकून लोक व्याख्यानाच्या तयारीत बसतात. ‘हे तुम्हाला पोट धरून हसवतील’ असेही म्हणू नये. मग पोट धरण्याची जबाबदारी त्या बिचाऱ्यावर पडते. नाव अगदी शेवटी घ्यावे, म्हणजे टाळ्या नेमक्या नावावर पडतात. नावाचा उच्चार आधी विचारून घ्यावा. माइक हातात देऊन बाजूला व्हावे. मंचावर रेंगाळू नये.

वेळ संपण्याआधी एक मिनिट मागच्या भिंतीजवळून मोबाइलचा दिवा दाखवण्याची पद्धत आहे. सर्व कलावंतांना ती आधी सांगावी आणि सर्वांना सारखी लावावी, अध्यक्षांच्या पुतण्यालाही.

कलावंत रंगला, तर सूत्रसंचालकाने पटकन पुढे सरकावे. त्याच्याशी चढाओढ करू नये. कलावंत पडला, तर खरी परीक्षा. अशा वेळी त्याच्यावर विनोद करण्याचा मोह होतो, आणि त्यावर हशाही हमखास येतो. तो हशा घेऊ नये. पुढचे तिघे बाजूला उभे राहून पाहत असतात. पडलो तर आपलेही असेच होणार हे त्यांना कळते आणि ते घाबरून मंचावर येतात. ‘बिचारा नवीन आहे, सांभाळून घ्या’ अशी कीवही नको. नाव घेऊन टाळ्या द्याव्यात, आपल्याजवळचे एक-दोन हमखास चालणारे किस्से सांगून सभा पुन्हा समपातळीवर आणावी आणि मगच पुढचे नाव पुकारावे. यासाठी पाच मिनिटांचा मजकूर सूत्रसंचालकाने खिशात जादा ठेवावा.

मध्येच बोलणारे एक काका प्रत्येक सभेत असतात. त्यांचा अपमान करू नये. ते आपल्याच गल्लीतले असतात आणि उद्या दुधाच्या रांगेत भेटणार असतात. ‘काका, तुमचं नाव यादीत शेवटी आहे, जरा दम धरा’ असे एकदा आदराने म्हटले की बहुधा पुरते. नाही पुरले तर कार्यकर्त्याने त्यांच्याजवळ जाऊन बसावे. मंचावरून भांडण नको.

हसायचे कोणाला?

आतापर्यंत सांगितले ते तंत्र. आता ज्यासाठी हा विषय आपल्या व्याख्यानमालेत आणला, तेथे येतो.

आपल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतला मुलगा मंचावर उभा राहतो आणि म्हणतो, ‘सकाळी मी चहा प्यायली.’ गुजरातीत चा स्त्रीलिंगी, हिंदीत चाय स्त्रीलिंगी. त्याच्या जिभेवर चहाही तशीच आली. सभेत हशा उठतो. तो हशा मुलाने मिळवलेला नाही, त्याच्यावर आलेला आहे. मागून कोणी ‘प्यायला!’ अशी दुरुस्तीही करतो. मुलगा पुढची चार मिनिटे कशीबशी संपवतो आणि पुन्हा कधी मराठीत मंचावर येत नाही. तो विनोद सोडत नाही. हिंदीत करू लागतो, सुरतेत जाऊन करू लागतो. आपण एक चूक सुधारली आणि एक बोलणारा गमावला.

घरातही हेच घडते, फक्त तेथे माइक नसतो. मुलांना मराठी कळते, पण ती उत्तर गुजरातीत किंवा हिंदीत देतात. त्यातली काही आळसाने देत असतील. पण काही आपण हसू म्हणून देतात. व्याकरणाचा आग्रह धरणाऱ्यांशी माझे भांडण नाही. शुद्ध मराठी शिकवण्याची जागा आहे, वेळ आहे, आणि आपल्या मंडळाने ते काम करावेच. पण बोलण्याचे धाडस करणाऱ्या मुलाला शंभर माणसांसमोर दुरुस्त करण्याची ती वेळ नव्हे.

येथे सूत्रसंचालक काय करू शकतो? पुष्कळ. सुरुवातीच्या पेरणीतच तो म्हणू शकतो, ‘आमच्याकडे चहा साताऱ्यात प्यायला जातो आणि पलसाण्यात प्यायली जाते, पण साखर दोन्हीकडे सारखीच.’ आता चहाचे लिंग हा सर्वांचा विनोद झाला, एका मुलाची फजिती राहिली नाही. तो मुलगा हेच पुढे स्वतःचा मजकूर म्हणून उचलू शकतो: घरात चहाचे लिंग पाहुण्यांवर कसे ठरते, आत्या आली की पुल्लिंगी आणि शेजारी आले की स्त्रीलिंगी. त्याच्या जिभेचा दोष त्याची मिळकत झाली. अहिराणी बोलणाऱ्या मुलीचेही तसेच. तिच्या बोलीला हसायचे की तिने बोलीतून सांगितलेल्या गोष्टीला हसायचे, हे सभा सूत्रसंचालकाच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवते. तो हसला तर सभा हसते. तो ऐकत राहिला तर सभा ऐकते.

शिकायचे कसे?

लहानापासून सुरू करा. हळदीकुंकू, डोहाळजेवण, सोसायटीचा गणेशोत्सव यांत निवेदनाची संधी मागून घ्या. बायकांनी विशेष पुढे यावे. घरच्या समारंभात सासर-माहेरच्या पन्नास माणसांना सांभाळण्याचा सराव त्यांना आधीच असतो. पहिल्यांदा दिवाणखान्यात तीस माणसांपुढे तासाभराचा कार्यक्रम करा. आपली सुरुवात लिहून काढा, मोठ्याने बोलून घड्याळ लावा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐका. कोठे हसले आणि कोठे गप्प बसले याची खूण कागदावर करा. गप्प बसलेल्या जागी शब्द कमी करून पुन्हा पाहा. पुष्कळदा मांडणी लांबलेली असते. दुसऱ्यांचे कार्यक्रम पाहताना मुख्य कलावंताला सोडून मधल्या माणसाकडे लक्ष द्या: तो कधी आत आला, काय बोलला, किती लवकर गेला.

आणि पुढच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ या प्रकारासाठी राखून ठेवा. कलावंत घरातलीच मुले असू द्या, भाषा त्यांना येते ती असू द्या. त्या संध्याकाळी आपल्याकडे दोनच कामे असतील: पुढच्या रांगेत साध्या खुर्चीवर बसणे, आणि चहा प्यायली म्हटले तरी दुरुस्ती न करणे.